आईवडिलांचं ग्रीन कार्ड: मुंबईच्या मुलाखतीआधी कागदपत्रं कशी जुळवावीत

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक आहे, वय २१ च्या पुढे आहे आणि आता आईवडिलांना कायमचं तिकडे न्यायचं आहे. त्यासाठी मुलाने अमेरिकी सरकारकडे भरलेला नात्याचा आय-१३० अर्ज मंजूर झाला की प्रकरण न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जातं. फी भरायची, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, कागदपत्रं पोर्टलवर चढवायची. ती पुरेशी वाटली की एनव्हीसी तसं कळवतं आणि मुलाखतीची तारीख लागते. मुलाखत होते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात.

एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकू. आई आणि वडील ही दोन वेगळी प्रकरणं असतात. दोघांसाठी दोन आय-१३०, दोन केस नंबर, दोन फाइली. प्रत्येक प्रकरणाला व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीच्या छाननीचे १२० डॉलर, म्हणजे दोघांचे मिळून ८९० डॉलर. पैसे अमेरिकेतल्या बँक खात्यातूनच जातात, त्यामुळे ते काम मुलानेच करायचं. घरात धाकटं भावंड असेल तर ते आईवडिलांच्या प्रकरणात आपोआप येत नाही, त्याचा अर्ज स्वतंत्र आणि त्याची रांगही वेगळी.

मुलाखत काही मिनिटांत आटोपते. त्या वेळात अधिकाऱ्याला मुख्यतः एकच गोष्ट पटवून घ्यायची असते: पासपोर्टवरची ही बाई आणि मुलाच्या जन्मदाखल्यावरची आई एकच आहे का? प्रत्येक कागद वेगळा पाहिला तर बहुधा खराच असतो. अडचण येते ती कागद एकमेकांशेजारी ठेवल्यावर.

आधी घरी एक तक्ता

म्हणून अर्ज भरायला बसण्याआधी सगळे कागद टेबलावर काढा आणि एक तक्ता करा. आडव्या ओळीत कागद: चालू पासपोर्ट, जुने पासपोर्ट, आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, मुलाचा जन्मदाखला, मुलाने भरलेला आय-१३०. उभ्या रकान्यात पूर्ण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव. जसं छापलंय तसंच उतरवा, मनाने दुरुस्त करू नका. विठ्ठलमध्ये एक टी आहे की दोन, शिंदेमध्ये एच आहे की नाही, हेही लिहा.

यात बहुतेक जण एक कागद विसरतात: आधी पर्यटक व्हिसा काढला असेल तर त्या वेळी भरलेला डीएस-१६०. तो अर्ज सरकारी नोंदीत असतो. एजंटने घाईत भरलेली त्यातली जन्मतारीख, नोकरीचा तपशील किंवा 'इतर नावं वापरली आहेत का' याचं 'नाही' हे उत्तर आता डीएस-२६० शी ताडून पाहिलं जाऊ शकतं. प्रत सापडली तर तक्त्यात घ्या.

एक उदाहरण घेऊ. आईचं माहेरचं नाव सुमन गणपत जाधव. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं: शैलजा. पासपोर्टवर शैलजा विठ्ठल शिंदे. शाळेच्या दाखल्यावर 'जाधव सुमन गणपत'. मुलाच्या १९८४ च्या जन्मदाखल्यात आईच्या रकान्यात नुसतं 'शैलाबाई'. बाई एक, नावं तीन. आपल्याकडे यात कुणाला वावगं वाटणार नाही, पण परदेशी अधिकाऱ्यासमोर हा दुवा कागदानेच सिद्ध करावा लागतो.

सोडवणूक अशी. डीएस-२६० मध्ये इतर नावांच्या जागी माहेरचं नाव, 'शैलाबाई', सगळी नावं लिहायची. काही लपवलंय असं वाटण्यापेक्षा दोन नावं जास्त लिहिलेली बरी. माहेरचं आणि सासरचं नाव एकाच कागदावर असेल असा पुरावा शोधायचा. बहुधा विवाह प्रमाणपत्र, नाहीतर राजपत्रातली नावबदलाची नोंद. 'शैला' आणि 'शैलजा' एवढाच फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडलं की सहसा भागतं. पण मुलाच्या दाखल्यावर आईचं नाव अगदीच भलतं असेल, किंवा रकानाच कोरा असेल, तर प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. ज्या निबंधकाकडे जन्म नोंदला आहे त्याच्याकडून दुरुस्ती करून घ्या. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली ती होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात. त्यामुळे दुरुस्ती केल्याचं दिसणारच. दुरुस्तीसाठी दिलेले पुरावेही फाइलमध्ये ठेवा.

जन्माचा पुरावा: इथेच सर्वात जास्त वेळ जातो

लागतो तो महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाने दिलेला जन्मदाखला, म्हणजे नमुना ५. रुग्णालयाचं कार्ड किंवा शाळेचा दाखला त्याची जागा घेत नाही, तो पूरक पुरावा.

दाखला मागायचा कुठे, यातच पहिली चूक होते. जन्म जिथे झाला तिथे तो नोंदला जातो, घराणं जिथलं आहे तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे थोरल्या मुलाचा जन्म बऱ्याचदा आईच्या माहेरच्या गावी नोंदलेला असतो आणि माणसं मात्र वडिलांच्या गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालत बसतात. आधी आजोळी चौकशी करा.

दाखला मिळाला तर बाळाच्या नावाचा रकाना पाहा. जुन्या दाखल्यांवर तो हटकून कोरा असतो, कारण नोंद बारशाआधीच झालेली असते. शाळेचा दाखला दाखवून निबंधकाकडे नाव चढवून घ्या. नाव नसलेला दाखला मुलाखतीला नेला तर तो कोणाचा, हा प्रश्न येणारच.

आईवडील १९७० च्या आधी जन्मलेले असतील तर नमुना ५ बहुधा मिळत नाही. तेव्हा दोन गोष्टी जोडीने लागतात. एक, त्याच निबंधकाकडून 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला, नमुना १०. दोन, दुय्यम पुरावे: शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांपैकी कोणी हयात असतील तर त्यांचं प्रतिज्ञापत्र, नसतील तर वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचं. त्यात जन्मतारीख, जन्मठिकाण, दोन्ही पालकांची नावं, आईचं माहेरचं नाव आणि आपल्याला ही माहिती कशी आहे हे स्पष्ट लिहिलेलं असावं. 'मला माहीत आहे' एवढ्याने भागत नाही. 'मी तिचा थोरला भाऊ, जन्माच्या वेळी माझं वय ९ वर्षं होतं, त्याच घरात राहत होतो' असं हवं.

गावातल्या जन्माला आणखी एक दार ठोठवा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडी कोतवाल बुक, असतं. जुन्या जन्मांची नोंद त्यात सापडू शकते. बाळाचं नाव बहुधा नसतं, 'मुलगी' आणि वडिलांचं नाव एवढंच. तरी नक्कल काढून ठेवा. फार जुनी पानं मोडीत असतात. मग लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही आलं.

आता १ जूनचा प्रश्न. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने १ जून लिहिलं आणि तीच तारीख पासपोर्टपर्यंत आली, अशी एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. कोतवाल बुकात वेगळी तारीख निघाली की लोक घाबरून ती नक्कल दडवतात, किंवा कोणाला तरी हाताशी धरून पासपोर्टशी जुळणारा दाखला करवून घेतात. दुसरा मार्ग तर सरळ फसवणुकीचा आहे. व्हिसासाठी खोटा कागद दिल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते. फरक आहे तसा मांडायचा आणि शाळेत तारीख कशी पडली ते प्रतिज्ञापत्रात दोन वाक्यांत लिहायचं.

उशिरा केलेल्या जन्मनोंदणीबद्दलही सावध राहा. जन्मानंतर वर्ष उलटून गेलं की नोंदीला आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीपासून हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे. असा दाखला कायदेशीर असतो, पण जन्म १९८२ चा आणि नोंदणी गेल्या महिन्याची दिसली की तो एकटा वजन धरत नाही. सोबत पहिलीच्या प्रवेशाच्या वेळचा शाळेचा उतारा, लसीकरणाचं कार्ड, जुनी शिधापत्रिका असं काहीतरी जुनं द्या. कागद जितका जुना आणि व्हिसाचा विचारही नव्हता तेव्हाचा, तितका तो कामाचा.

लग्नाचा पुरावा

आईच्या प्रकरणात मुलाचा जन्मदाखला हा नात्याचा मुख्य पुरावा. वडिलांच्या प्रकरणात त्याच्याबरोबर आईवडिलांचं विवाह प्रमाणपत्रही लागतं. पन्नास वर्षांपूर्वीची लग्नं बहुतेक नोंदलेलीच नसतात. नोंदणी आजही करता येते. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ती होते. तीन साक्षीदार लागतात. लग्नपत्रिका आणि लग्न लावणाऱ्या पुरोहितांची सही मागतात, पुरोहित हयात नसतील तर प्रतिज्ञापत्र चालतं का ते आधी त्या कार्यालयात विचारून घ्या. फॉर्म भरताना वधूचं लग्नाआधीचं पूर्ण नाव न चुकता लिहा, कारण पुढे दोन नावं जोडणारा कागद हाच ठरणार आहे. लग्नाची तारीख पंचांगातून नव्याने काढू नका. मुलाच्या आय-१३० मध्ये जी लिहिली गेली आहे तिच्याशी ती जुळायला हवी.

ताज्या नोंदणीच्या जोडीला लग्नातले जुने फोटो, शिधापत्रिका, निवृत्तिवेतनाच्या किंवा विम्याच्या कागदांवरचं वारसाचं नाव असे दोन-तीन पुरावे पुरेत. फोटोंचा अख्खा अल्बम नको.

आधीचं लग्न झालेलं असेल तर ते कसं संपलं याचा कागद हवा: न्यायालयाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेली सोडचिठ्ठी इथे अडते. हिंदू विवाह कायदा रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवतो, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. तशी फारकत झाली असेल तर आधी वकिलाला भेटून न्यायालयाकडून ती जाहीर करून घेण्याचं बघा. याला वेळ लागतो, मुलाखतीचं पत्र आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

गोव्यात पोर्तुगीज अमलातल्या नोंदी पोर्तुगीज भाषेत असतात, त्यामुळे तिथल्या उताऱ्यांना इंग्रजी भाषांतर लागतंच.

पोलिसांचा दाखला

भारतातला दाखला पासपोर्ट कार्यालयाचा लागतो. पोलीस आयुक्तालयाने नोकरीसाठी दिलेला चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा, तो नको. पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज करायचा, ५०० रुपये भरायचे आणि वेळ घेऊन केंद्रात जायचं. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पडताळणीत वेळ जातो.

१६ वर्षांवरील प्रत्येक अर्जदाराला हा लागतो. शिवाय वयाच्या १६ नंतर ज्या देशात वर्षभर किंवा अधिक काळ राहिलात त्या देशाचाही. वडील पंचवीस वर्षांपूर्वी मस्कत किंवा दुबईला नोकरीला असतील तर ते इथे लागू होतं, 'आता काय त्याचं' म्हणून सुटत नाही. कोणत्या देशाचा दाखला कसा मिळतो आणि कुठला मिळतच नाही, हे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर देशवार दिलेलं आहे. आखाती देशांच्या अर्जाला जुन्या पासपोर्टावरच्या रहिवासी व्हिसाच्या पानाची प्रत उपयोगी पडते. म्हणून जुने पासपोर्ट रद्दीत घालू नका.

दाखल्याची मुदत साधारण दोन वर्षं धरली जाते. म्हणून जन्म-लग्नाचे कागद आधी आणि भारतातला पोलीस दाखला सर्वांत शेवटी काढा.

आर्थिक हमी: हा मुलाचा गृहपाठ

आय-८६४, म्हणजे आर्थिक हमीचा फॉर्म, मुलगा भरतो आणि त्याचं उत्पन्न सरकारी दारिद्र्य कोष्टकाच्या १२५ टक्के असावं लागतं. यात कुटुंब मोजताना चूक होते. मुलगा, सून, एक नातवंड, आई आणि वडील मिळून पाच. दोन प्रकरणं वेगळी असली तरी आई-वडील दोघंही मोजायचे. २०२५ च्या कोष्टकाप्रमाणे, अलास्का आणि हवाई सोडून, पाच माणसांना वर्षाला ४७,०६२ डॉलर लागत होते. आकडा दरवर्षी बदलतो, चालू वर्षाचं कोष्टक, म्हणजे आय-८६४पी, पाहून घ्या.

उत्पन्न कमी पडत असेल तर सुनेचं उत्पन्न आय-८६४ए भरून धरता येतं, किंवा अमेरिकेतला नागरिक वा ग्रीन कार्डधारक सहहमीदार घेता येतो. त्याचा दर्जा दाखवणारा कागद जोडायला विसरू नका. मालमत्ताही चालते, अगदी आईवडिलांचा पुण्यातला फ्लॅटसुद्धा, पण वर्षभरात विकून पैसे करता येतील अशी हवी, आणि पालकांच्या प्रकरणात जेवढं उत्पन्न कमी पडतं त्याच्या पाचपट किमतीची. मूल्यांकन, मालकीचे कागद, कर्ज असेल तर ते वजा. नोकरी नीट असेल तर या वाटेला जाऊच नका.

जोडायचं काय? आयआरएस, म्हणजे अमेरिकी कर खात्याच्या संकेतस्थळावरून घेतलेला ताज्या वर्षाच्या कराचा उतारा (ट्रान्स्क्रिप्ट), अलीकडच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि कंपनीचं पत्र. आणि सही. सही राहून गेलेला किंवा जुन्या आवृत्तीचा फॉर्म परत येतो, हे वाचायला क्षुल्लक वाटलं तरी त्यात आठवडे जातात.

भाषांतर आणि स्कॅन

मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर लावा. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत छापलेला असला तरी मजकूर हाताने मराठीत भरलेला असेल तर भाषांतर हवंच. शिक्का, समासातली टीप, मागच्या बाजूचा शेरा, सगळं भाषांतरात यायला पाहिजे. खाली भाषांतरकाराने आपण दोन्ही भाषा जाणतो आणि भाषांतर अचूक आहे असं लिहून सही करायची. ते अर्जदाराने स्वतः करू नये. नावांचं स्पेलिंग मूळ कागदात आहे तसंच ठेवायला सांगा. पासपोर्टशी जुळावं म्हणून भाषांतरकार परस्पर बदल करतात आणि नवाच घोळ होतो.

स्कॅन मूळ कागदाचा, रंगीत, चारही कडा दिसतील असा. मागे शिक्का असेल तर मागची बाजूही. मूळ कागद आणि त्याचं भाषांतर एकाच पीडीएफमध्ये. मोबाइलवर तिरका काढलेला, अंगठा आलेला फोटो परत पाठवला जातो. लॅमिनेशन केलेल्या दाखल्याचा शिक्का चकाकीत हरवतो, तेव्हा शक्य असेल तर नवी प्रत काढा.

मध्ये खंड पडला तरी वर्षातून एकदा तरी एनव्हीसीच्या संपर्कात राहा. वर्षभर काहीच हालचाल नसेल तर प्रकरण बंद करण्याची कारवाई सुरू होऊ शकते.

वैद्यकीय तपासणी

मुलाखतीचं पत्र आलं की आधी याचीच वेळ घ्या, आणि दूतावासाच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच. १५ वर्षांवरील सर्वांना छातीचा एक्स-रे असतो. ज्येष्ठांच्या एक्स-रेत जुन्या क्षयाचा डाग दिसला तर वेगवेगळ्या तीन दिवशी थुंकीचे नमुने घेतात आणि त्यांचं कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे, तपासायला आठ आठवडे लागतात. मग मुलाखत झाली तरी व्हिसा थांबतो. पूर्वी क्षयाचे उपचार झाले असतील तर ते कागद आणि जुने एक्स-रे घेऊन जा. डॉक्टरांना सांगू नये असं काही जण सुचवतात, पण डाग फिल्मवर दिसतोच. चालू औषधांची यादी आणि झालेल्या लसींची नोंदही न्या. अहवाल बंद पाकिटात मिळाला तर ते उघडायचं नाही.

मुलाखतीच्या दिवशीची फाइल

पासपोर्ट चालू, शक्यतो प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी मुदत असलेला, आणि जुने सगळे. मुलाखतीचं पत्र. डीएस-२६० ची पुष्टी दाखवणारं पान. दोन इंच बाय दोन इंचाचे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे दोन फोटो, चष्मा न लावता काढलेले. पोर्टलवर चढवलेला प्रत्येक कागद मूळ स्वरूपात, सोबत एक झेरॉक्स आणि भाषांतर. आय-८६४ आणि ताजे उत्पन्नाचे कागद: एनव्हीसीला दिल्यानंतर नवं करवर्ष उलटलं असेल तर नवा ट्रान्स्क्रिप्ट. आईची फाइल वेगळी, वडिलांची वेगळी. सामायिक कागदांच्या झेरॉक्स दोन्हीत. पासपोर्ट परत कुठे पाठवायचा तो पत्ता आधी संकेतस्थळावर नोंदवून ठेवा.

प्लास्टिकच्या बाहीत प्रत्येक कागद घालून जाड रजिस्टर करू नका. खिडकीवर अधिकारी 'मॅरेज सर्टिफिकेट' म्हणाले की ते दहा सेकंदांत हातात यावं. साधा फोल्डर, वर यादी, त्याच क्रमाने कागद. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे 'फोनवर आहे' हे उत्तर तिथे नाही. मराठीत किंवा हिंदीत बोलायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा. चुकीच्या इंग्रजीत दिलेलं उत्तर शपथेवर दिलेलं ठरतं.

डीएस-२६० मुलाने भरला असेल तर मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात तो आईवडिलांना वाचून दाखवा. १६ व्या वर्षापासूनचे पत्ते, सगळ्या मुलांची नावं आणि जन्मतारखा, पूर्वीच्या अमेरिका भेटी: यातलं त्यांना अर्जात काय लिहिलंय हेच ठाऊक नसतं. त्यात चूक सापडली तर ती मुलाखतीत आपणहून सांगा, अधिकाऱ्याला ती तिथे दुरुस्त करता येते.

कागद कमी पडला तर कलम २२१ जी ची चिठ्ठी मिळते. तांत्रिकदृष्ट्या तो नकार असला तरी काय हवं ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. नेमकं तेवढंच, सांगितलेल्या मार्गाने द्या. सोबत चार जादा प्रतिज्ञापत्रं जोडली तर आणखी प्रश्न निघतात. वर्षभरात काहीच दिलं नाही तर मात्र अर्ज संपतो आणि फीसकट सगळं पुन्हा करावं लागतं.

व्हिसा मिळाल्यावर नाव, जन्मतारीख आणि मुदत त्याच दिवशी तपासा, चूक असेल तर प्रवासाआधीच कळवा. मुदत बहुधा वैद्यकीय तपासणीच्या तारखेवरून ठरते, त्यामुळे ती सहा महिन्यांपेक्षा कमीही असू शकते. तिकीट ती पाहूनच काढा. कार्ड छापण्याची २३५ डॉलरची फी प्रवासाआधी ऑनलाइन भरून टाका. ती न भरल्याने विमानतळावर कोणी अडवत नाही, पण फी येईपर्यंत कार्ड टपालात पडत नाही.